गांजाच्या कारखान्यातले बोंबील

आमच्या कारखान्यात गांजाचं एकही रोप येण्याआधी त्याच्या वासाची तक्रार आली.

औषधी गांजा हं! डॉक्टरच्या चिठ्ठीवर जे तेल मिळतं, त्यासाठीचा. सरकारी परवाना हातात होता. (तो खरा आहे हे मुलुंडहून आलेल्या आईला पटवताना माझा घसा बसला.) जागेची परवानगी अडली होती हॅमिल्टन शहराच्या काउन्सिलपाशी, म्हणजे इथल्या नगरपालिकेपाशी. 'ते रापा' नावाच्या औद्योगिक भागात गाळा घेतलेला, मी चांगली नोकरी सोडलेली, आणि काउन्सिलची मुख्य अट: वास कुंपणाबाहेर जाता कामा नये. पण मी स्वतः वायुवीजनाची इंजिनिअर! असले दणदणीत फिल्टर बसवले होते, की त्यांचं कौतुक मी अनोळखी माणसांनाही ऐकवायचे.

आणि शेजारच्या गाद्यांच्या दुकानाच्या मालकाने, ग्रॅहमने, काउन्सिलला कळवलं, "यांनी चोरून लागवड केलीय. माझ्या गाद्यांना गांजाचा वास येतोय!"

काउन्सिलची अधिकारी हेलन तपासायला आली. "किया ओरा," तिने हसून इथल्या पद्धतीचा नमस्कार केला, पण नाक आधीच कामाला लागलं होतं. मी ऐटीत आतलं दार उघडलं. नुसत्या रिकाम्या कुंड्या!

"बघा, एक पान तरी दिसतंय?"

तेवढ्यात वास आला. खरंच आला! ग्रॅहम धावत आत शिरला. "हाच! हाच तो!"

हेलनने हुंगलं. "हा गांजा नाही," ती ठामपणे म्हणाली, आणि मग घाईघाईने, "म्हणजे... कामामुळे माहीत असतं."

मला मात्र तो वास लहानपणापासून ओळखीचा होता. मागच्या शटरकडे धावले, तर बाहेर स्टुलावर आमच्या मातोश्री. पायात माझ्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, समोर शेगडी, तव्यावर सुके बोंबील!

"आई! इथे?"

"मग कुठे? घरात तूच बंदी घातलीस ना? कार्पेट वास धरतं म्हणे! इथे तू दिवसभर फिल्टरशी बोलत बसतेस, मी काय करू? म्हटलं, मागे उघडं आहे, कुणाला त्रास नाही."

"अगं, परवानगी हातची जाईल ना माझी!" मला रडूच फुटलं.

"मासे?" ग्रॅहम किंचाळला. "माझ्या गाद्यांत मासे?"

हेलन शांतपणे म्हणाली, "हे बाहेर भाजलंत, तेव्हा यात फिल्टरचा दोष नाही. पण आतला वास ते अडवतात, हे रोपांशिवाय कसं कळायचं?"

मी फिल्टरचं माहितीपत्रक पुढे केलं. तिने ते न उघडताच परत दिलं!

"काय म्हणतेय ती?" आईने विचारलं. मी सांगितलं.

"एवढंच ना? उचल शेगडी!"

आई आत गेली. दार बंद, पंखे सुरू, आणि उरलेलं अख्खं पाकीट तव्यावर! बाहेर कुंपणाशी हेलन आणि ग्रॅहम नाक वर करून उभे. ग्रॅहमने वाकून हुंगलं, टाचा उंचावून हुंगलं, थेट फिल्टरच्या तोंडाखाली जाऊन हुंगलं.

"काहीच नाही," तो नाइलाजाने म्हणाला.

मग हेलनने आतलं दार उघडलं आणि खोकत तीन पावलं मागे आली. डोळे पुसत म्हणाली, "हे अडवतात? मग गांजाची काय बिशाद! माझा अहवाल तुमच्या बाजूने."

जिंकलो! मी आईला गच्च मिठी मारली. (बोंबलांसकट.) परवानगी आली, रोपं आली. आईने ग्रॅहमला गाद्या उन्हात टाकायला लावल्या आणि भाकरीबरोबर बोंबलाची चटणीही पाठवली. आता ग्रॅहमच कुंपणावरून विचारतो, "आज नाही का भाजणार?"

परवा मलाही घरी बसून बोंबील खावेसे वाटले. लाडात म्हटलं, "आई, भाज ना गं आज."

आईने जागेवरून न हलता विचारलं, "तुझ्या घराला फिल्टर आहे?"

"नाही..."

"मग आधी रीतसर अर्ज कर. शेजाऱ्यांच्या हरकती माग. मी तपासणीला येते, मग बघू!"

गांजाची परवानगी मिळवलेली ही इंजिनिअर सध्या घरच्या बोंबलाच्या परवानगीसाठी खेटे घालतेय!