‘हरकत नाही’ची चिठ्ठी

योगेशसर, तुम्ही म्हणालात, क्षमा कोरगावकर मे महिन्यात निवृत्त होतात, स्मरणिका काढायची आहे, तुम्ही त्यांच्या ट्रेनिंगपासूनच्या मैत्रीण, तेव्हा चार चांगले शब्द लिहून द्या. बसले लिहायला. तीन वेळा ‘मनमिळाऊ’ लिहिलं नि तीन वेळा खोडलं. मनमिळाऊ म्हणे! अहो, पस्तीस वर्षं त्या बाईने माझ्या पोटात आग पेटवून ठेवली आहे. तेव्हा जे येतं ते लिहिते, छापायचं की नाही ते तुम्ही बघा.

क्षमा पेडण्याची, मी मुळगावची. ट्रेनिंगला एका बाकावर बसायचो. ती पेडण्याहून बसने यायची, उतरायची तेव्हा केस विस्कटलेले, चप्पल धुळीने माखलेली, आणि तरी मास्तर सगळ्यात आधी तिच्याकडेच बघायचे. माझं अक्षर तिच्याहून चांगलं. आवाज चांगला. नोकरीला मी तिच्या आधी तीन आठवडे लागले, म्हणजे ज्येष्ठही मीच. पण पाठ घ्यायला उभी राहिली की मुलं तिच्याकडे ओढली जायची, गूळ ठेवल्यावर मुंग्या येतात तशी. मी मुलांना ‘गप्प बसा’ सांगायचे, तिला कधी सांगावंच लागलं नाही. आता याला काय म्हणायचं सांगा!

पुढे भागशिक्षणाधिकाऱ्याची जागा निघाली. तालुक्यातल्या सगळ्या सरकारी प्राथमिक शाळा ज्याच्या हाताखाली येतात ती ही जागा. आम्ही दोघींनी मुलाखत दिली. ती लागली, मी राहिले. मी पाळीच्या खाणीकडच्या वाड्यावर होते त्याच शाळेची मुख्याध्यापिका राहिले, दोन खोल्या आणि एक पंप असलेली. आमच्या घरचे, कृष्णनाथ, म्हणाले, ‘अगो, तुझी मैत्रीणच वर गेली ना? बरं झालं.’ त्या दिवशी मी त्यांच्या आमटीत मीठ घातलं नाही.

तिने ती जागा घेतली तेव्हा दिवस काही सुखाचे नव्हते, हे कबूल करते. खाणी बंद पडलेल्या, ट्रक दारात गंजत उभे, कामाला आलेली माणसं निघून गेलेली. उरलेल्यांना पोरांसाठी इंग्रजी शाळेची पिवळी बस हवी. दर जूनमध्ये कुठल्या ना कुठल्या मराठी शाळेला कुलूप लागायचं. क्षमा स्कूटर घेऊन दारोदार फिरायची. लोकांच्या ओसरीवर बसून चहा प्यायची, पोराचं नाव विचारायची, आणि उठताना ते पोर तिच्या शाळेत घातलेलं असायचं. मी म्हणायचे, हे अधिकाऱ्याचं काम आहे का? मागाहून कळलं, आमच्याच वाड्यावर तिने चार घरं केली होती. मला न सांगता. म्हणजे माझ्या पटावरची चार मुलंसुद्धा तिची!

आणि तो पदेर. टाळेबंदीत शाळा बंद, आमच्याकडे मोबाईलला रेंज नाही, अभ्यास पोचवायचा कसा, म्हणून फोनवर सगळ्या मुख्याध्यापकांची बैठक झाली. मी वैतागून म्हटलं, ‘दारोदार फक्त पदेर जातो. द्या त्याच्याकडे, पावाबरोबर पाढे!’ सगळे हसले. क्षमा हसली नाही. चौथ्या दिवशी पाववाल्या पदेरांच्या करंड्यांत इयत्तेप्रमाणे घड्या घातलेले अभ्यासाचे कागद जाऊ लागले. सकाळी भोंगा वाजला की मुलं पावाआधी कागद मागायची. थट्टा माझी, वाहवा तिची.

दोन वर्षांपूर्वी, ऑगस्टमध्ये, तालुक्यातल्या शिक्षकांचा मेळावा झाला. व्यासपीठावरच्या पाहुण्यांनी पदेराची गोष्ट रंगवून सांगितली, क्षमाच्या खांद्यावर शाल घातली. ती बोलायला उठली तशी मी उठून बाहेर गेले. ऐकवेना हो. बाहेर नळावर तोंड धुतलं, नि रागाने पुन्हा धुतलं. ती पहिल्याच वाक्यात ‘ही कल्पना मालती मळीकची’ म्हणाली होती, हे तुम्हीच मला सांगितलंत, योगेशसर. पण कधी? चवथीचे गणपती होऊन गेल्यावर. तोवर मी करायचं ते करून बसले होते.

झालं असं. मेळाव्यानंतर आठवड्याने वरून हुकूम आला. पंधराहून कमी मुलं असतील ती शाळा जवळच्या शाळेत विलीन. मोजणी एकाच दिवशी सगळीकडे, आणि पटावरची नावं चालणार नाहीत, त्या दिवशी बाकावर बसलेलं मूल तेवढंच मोजायचं. तारीख ठरवायची क्षमाने. तिने चवथीची सुट्टी संपल्यावरचा दुसरा दिवस धरला. तिच्या पेडण्याच्या घरी गणपती दीड दिवसाचा, कार्यालयातल्यांचे पाच-सात दिवसांचे. तिला वाटलं, तोवर सगळे परतलेले असतील.

माझ्या शाळेत मुलं एकोणीस. त्यातली अकरा एकाच भावकीतली, सगळी ट्रकवाल्यांची, मूळची दोडामार्गाकडची. त्यांचा गणपती वाड्यावर बसत नाही. गावाला मूळ घरात एकच बसतो, आणि तो एकवीस दिवसांचा. भाऊ, चुलते, सुना, पोरं, सगळ्यांनी तिथे असायचं, विसर्जनाआधी कुणी उंबरा सोडायचा नाही. पावसाळ्यात ट्रक उभेच असतात, त्यामुळे कामाची ओढही नसते. अठरा वर्षं मी हे बघत होते आणि हजेरीपटावर सांभाळून घेत होते. माझ्याशिवाय हे कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

क्षमाने प्रत्येक शाळेला परिपत्रक धाडलं. खाली चिठ्ठी जोडलेली. ‘वरील तारखेस हरकत आहे / नाही. हरकत असल्यास कारण लिहावे.’ इतरांच्या परिपत्रकावर नुसता शिक्का. माझ्या चिठ्ठीवर, वरच्या बाजूला, तिने पेनाने दोन ओळी लिहिल्या होत्या. ‘मालती, खाणीकडचं मला तुझ्याएवढं कळत नाही. तारीख नीट बघून सांग गो.’

ते ‘गो’ वाचून माझं डोकंच फिरलं. शाल तू पांघर आणि अक्कल मी देऊ? मी निळ्या पेनाने ‘हरकत नाही’ लिहिलं, खाली सही ठोकली, आणि त्याच दुपारी पाठवून दिलं. मनात म्हटलं, मोजणीत घोळ होऊ दे, चार शिव्या खाऊ दे वरच्यांच्या. शाळेचं काय, फेरमोजणी होईलच की. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारी बाई मी आजीच्या तोंडून ऐकली होती. ती मीच निघाले.

मोजणीच्या दिवशी बाकांवर आठ मुलं बसली होती. मोजायला आलेल्या गृहस्थांनी दोनदा मोजलं, जसं काही पुन्हा मोजल्यावर वाढणार होती. चार दिवसांनी यादी आली. विलीन होणाऱ्या शाळांत आमची तिसरी. आणि खाली लिहिलेलं: मुख्याध्यापकांनी मोजणीपूर्वी तारखेला हरकत घेतली असेल तरच फेरमोजणी, अन्यथा नाही. मी ती ओळ वाचली आणि तिथेच मुलांच्या बाकावर बसले.

जवळची शाळा म्हणजे साडेतीन किलोमीटर. खाणींची वाहतूक पुन्हा सुरू झाली होती, पाऊस सरला की त्या रस्त्याने दिवसभर लाल धुरळा उडवत टिपर पळणार. पहिली-दुसरीची पोरं त्या रस्त्याने चालवणार कोण? सगुण, माझ्या तिसरीतल्या ऋतिकाचा बाप, स्वतःच टिपर चालवतो. यादीची बातमी कळली तशी तो भावकीतल्या चौघांना घेऊन गावाहून आला, गणपती तसाच बसलेला ठेवून. असं त्यांच्यात कधी कुणी केलं नव्हतं.

‘बाई, आमचो गणपती एकवीस दिवसांचो, तुमका म्हायती असा मां?’ तो म्हणाला. ‘मगे तुमी सांगूक नाय?’

माझ्या तोंडातून निघून गेलं. ‘सांगितलं होतं रे. त्या वरच्या बाईंनी ऐकलं नाही.’

असं बोलले मी. पहिलीच्या मुलानेही असं खोटं बोलताना मान खाली घातली असती.

‘चला तर,’ सगुण म्हणाला, ‘तुमी पण चला. तेंच्या तोंडार सांगया.’ नाही कशी म्हणणार? गेले.

क्षमा टेबलाशी बसली होती, तोंड उतरलेलं. समोर मोजणीची फाईल उघडी. मला दारातूनच दिसली, वरती माझीच चिठ्ठी, निळ्या अक्षरातली. सगुणने खुर्ची घेतली नाही. उभ्यानेच बोलला. ‘आमच्या बाईंनी तुमका आदीच सांगलेला. तुमी आयकाक नाय. आता आमची पोरां त्या रस्त्यान जातली? मी टिपर चलवतंय, माका म्हायती असा त्या रस्त्यार काय होता ता.’

क्षमाने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिने नुसतं बघितलं, मग चिठ्ठीकडे बघितलं, मग सगुणकडे. तेवढ्यात तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला कळलं, कारण तोच हिशेब मीही रात्रभर केला होता. हरकत घेतली असेल तरच फेरमोजणी. हरकत घेतलीच नाही हे सांगणारा कागद जगात एकच होता आणि तो तिच्या हाताखाली होता.

तिने फाईल मिटली.

‘होय,’ ती म्हणाली. ‘मालतीबाईंनी फोनवर हरकत घेतली होती. मी नोंद करायला विसरले. चूक माझी आहे. तसं मी वर लिहून देते.’ आणि मग माझ्याकडे वळून, ‘घेतली होतीस ना गो?’

मी ‘होय’ म्हटलं.

एकविसाव्या दिवशी विसर्जन झालं, त्यानंतर तिसऱ्या दिवशी फेरमोजणी. एकोणीसची एकोणीस मुलं, तेल लावून, भांग पाडून. ऋतिकाने तर मोजणाऱ्या गृहस्थांना स्वतःच आकडा सांगितला. शाळा राहिली.

क्षमाला कारणे दाखवा नोटीस आली. ‘मुख्याध्यापिकेने कळवूनही दुर्लक्ष.’ वरची बढती ठरत आली होती, ती गेली. डिसेंबरात बदली झाली काणकोणला. पेडण्याचं माणूस काणकोणला, म्हणजे गोव्याच्या या टोकाचं त्या टोकाला, आणि तेही निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं असताना. तिथे ती भाड्याच्या खोलीत राहते, शनिवारी घरी येते. आणि तिच्या जागेचा ताबा तालुक्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ मुख्याध्यापिकेकडे आला. म्हणजे माझ्याकडे.

ताबा देताना तिने किल्ल्या दिल्या, शिक्के दिले, पदेरांच्या फोन नंबरांची वही दिली. शेवटी पर्समधून ती चिठ्ठी काढली. ‘ही फाईलीत नको.’

मी म्हटलं, ‘फाडली का नाहीस?’

‘सही तुझी आहे. तूच काय ते कर.’ मग म्हणाली, ‘तू नाही म्हणाली असतीस ना तिथे, तर माझी नोकरी गेली असती. भ्यायले होते गो मी.’ आणि बस चुकेल म्हणून निघाली.

मला वाटलं होतं, आता तरी आग विझेल. कसली विझते! आधी तिच्या जागेचा हेवा वाटायचा. आता तिथे बसून मला तिचाच हेवा वाटतो. तिने त्या दिवशी जे केलं ते एका श्वासात केलं. मला सात जन्म दिले तरी जमायचं नाही. काणकोणहून परवा कुणीतरी आलं होतं, म्हणालं, तिथल्या डोंगराकडच्या शाळेत तिने यंदा सात मुलं वाढवली. मी म्हटलं, ‘हो का?’ आणि चहा पुरा प्यायले नाही.

गेल्या चवथीला सगुण दारात आला. विसर्जन करून परतलेला, हातात नेवऱ्यांचा डबा. ‘बाई, तुमी सांगल्यात म्हणान शाळा ऱ्हवली,’ तो म्हणाला. ‘ती दुसरी बाई गेली ता बरा झाला. बेफिकीर माणूस.’ ऋतिका बापाचं बोट धरून उभी होती, माझ्याकडे बघून हसत होती. मी डबा आत नेला, नेवऱ्या काढून घेतल्या, रिकामा डबा परत देऊ नये म्हणून त्यात साखर घातली. बाहेर येऊन म्हटलं, ‘होय रे.’ दुसऱ्यांदा.

तिसऱ्यांदा ‘होय’ म्हणायचं नाही. त्यासाठीच हे लिहिलं. कारवाई काय व्हायची ती माझ्यावर होईल. मला नोव्हेंबरपर्यंतच काढायचं आहे, आणि कृष्णनाथांना सांगून झालं आहे. त्यांनी ताटात मीठ तेवढं स्वतःच घेतलं. क्षमाला विचारू नका, ती नको म्हणेल. स्मरणिकेच्या दहा प्रती वाड्यावर पाठवा, सगुणच्या घरी एक, आणि ऋतिकाला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. आता चौथीत आहे, अडखळत नाही.

सोबत चिठ्ठी जोडली आहे. या पानासमोरच छापा. वरती तिच्या हातच्या दोन ओळी आहेत त्या आणि खाली माझी सही, दोन्ही स्पष्ट येतील एवढं बघा.