बाईंचा लॅपटॉप चालतो

बाई दुकानात आल्या की आधी माझं काउंटर दोन्ही हातांनी धरून हलवून बघायच्या. मग माळ्यावर रचलेल्या जुन्या मॉनिटरांखालून स्टूल बाजूला ओढायच्या आणि मगच पिशवीतून लॅपटॉप काढायच्या. "भाई, ते डबडे उतरव म्हणलं ना तुला? मरायचं हाय का?"

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच, जे दुसऱ्याच्या दुकानात येऊन मालकालाच दमात घेतं. लातुरात माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान. ह्याच जागेत अब्बा रेडिओ दुरुस्त करायचे. गिऱ्हाईकानं एक ऐकवलं तर मी दोन ऐकवतो. पण बाईंपुढं माझी डाळ कधी शिजली नाही. त्या फिजिक्स शिकवायच्या, आणि मला शेवटच्या बाकावरचं पोरगं समजायच्या.

त्र्याण्णवच्या भूकंपात बाईंचं गाव भुईसपाट झालं. आई आणि धाकटी बहीण घराच्या दगडी भिंतीखाली गेल्या. बाई तेव्हा शिकायला नांदेडला होत्या, म्हणून उरल्या.

पुढं लातूर क्लासचं गाव झालं. गल्लोगल्ली डॉक्टर करून देणारे बोर्ड लागले. सगळ्यांत मोठ्या क्लासात आत जायलाही परीक्षा! त्यात गाळलेल्या पोरी बाई त्याच्याच पाठीमागच्या आपल्या पत्र्याच्या खोलीत बसवायच्या. बहुतेक भूकंपात पडून पुन्हा वसलेल्या गावांतल्या. "त्यांनी चाळून टाकलं ते माझं बियाणं," असं ठणकावून सांगायच्या.

लॅपटॉप त्यांना मीच विकला होता. हैदराबादच्या कुठल्याशा कंपनीनं वापरून काढलेला, काळा, चांगला जड. खपवायचा म्हणून मी बढाई मारली, "बाई, ह्याला हादरा कळतो. जरा हललं की आतली डिस्क वाचणारी सुई उचलून बाजूला घेतो. लिहिलेलं खराब होत नाही." खोटं नव्हतं. त्या जुन्या मॉडेलात ती सोय होती. बाईंनी तो उचलून हलवला. स्क्रीनच्या कोपऱ्यातलं छोटं चिन्ह बदललं. त्या बघतच राहिल्या. पुन्हा हलवला. मग पदरानं पुसला आणि दुसरा कुठलाही न बघता घेऊन गेल्या.

वर्षानुवर्षं त्यात त्यांनी स्वतः रचलेले प्रश्न साठत गेले. दुखणी तर सगळी झाली. पंख्यात खडूची भुकटी साचून तो तव्यासारखा तापायचा. बॅटरी फुगली, ती बदलली. रॅम वाढवली. "अहो, फळ्यापासून लांब ठेवा त्याला!" मी ओरडायचो.

"मग शिकवू कुठून, तुझ्या दुकानातून?"

मग एका हंगामात डिस्कच टिकटिक करायला लागली, आणि एके दिवशी लॅपटॉप सुरूच झाला नाही. परीक्षा तोंडावर आलेली आणि बाईंचे सगळे प्रश्न आत अडकलेले. ते गेले तर पोरींना सराव कशाचा देणार? पोरी गावी परतल्या असत्या आणि खोलीला कुलूप लागलं असतं.

ही खबर मोठ्या क्लासच्या मालकांपर्यंत कशी गेली, अल्ला जाणे. त्यांचा माणूस कोऱ्या लॅपटॉपचा खोका घेऊन माझ्याकडं आला. "बाईंचं सगळं ह्यात भरून द्या. लॅपटॉप त्यांनाच. फक्त प्रश्नांवर आमच्या क्लासचं नाव येईल, आणि बाई आमच्याकडं शिकवतील."

बाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी खोका उघडलासुद्धा नाही. त्याच्या हातात परत दिला. "सरांना सांगा, बाईंचा लॅपटॉप चालतो."

चालतो कसला! काउंटरवर पाठ उघडी टाकून मेल्यागत पडला होता. तो माणूस एकदा लॅपटॉपकडं, एकदा बाईंकडं बघत निघून गेला.

मी कपाटातून नवी डिस्क काढली. आत काहीच न फिरणारी, एसएसडी. "जुनीतलं निघेल तेवढं हिच्यात ओढतो. पळायला लागेल बघा."

"हिला हादरा कळतो?"

"कळायची गरजच नाही. हिच्यात हलणारं काही नाहीच."

"मग नको."

"का नको?"

"ज्याला हादरा कळत न्हाई, ते सावध कसं राहील? जुनीच नीट कर."

माझं टाळकं सरकलं. "बाई, फिजिक्स शिकवता तुम्ही! हलणारं काही नसलं तर मोडणार काय?"

"आमचं घर बी दगडाचं होतं, भाई. त्यात काय हलणारं होतं? म्हणून तर समदे बिनघोर झोपले."

मला राग आला, कुणाचा ते कळेना. मी ती कोरी डिस्क उचलली आणि सरळ शहाबादी फरशीवर टाकली.

"येडा झालास का?"

मी ती जोडून दाखवली. चालू. मग बाईंनी ती माझ्या हातातून घेतली, दुखऱ्या गुडघ्यांनी स्टुलावर चढल्या आणि वरून सोडली. चालू. पुन्हा चढल्या. या वेळी दातओठ खाऊन आपटली. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. तरीही चालू.

"लाव," खाली उतरून त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.

जुनी डिस्क अडखळत, रुसत दिवसभर एकेक फाइल देत राहिली. बाई जागच्या हलल्या नाहीत. माझ्या डब्यातली अर्धी भाकर खाल्ली, भाजीला नावं ठेवली. शेवटी चुंबकत्वाचा धडा तेवढा निघालाच नाही. मी भीत भीत सांगितलं.

"जाऊ दे. तो पुन्हा लिहीन. डोकं काय डिस्कवर ठिवलंय का माझं?" लॅपटॉप झटकन सुरू झाला तेव्हा मात्र त्यांना संशय आला. "एवढ्या लवकर? काही विसरून तर आला न्हाई ना?"

त्या वर्षीच्या पोरींतली एक आता किनवटकडं डॉक्टर आहे. दुसरी शिकून परत आली आणि बाईंच्याच खोलीत शिकवायला लागली.

पुढं साध्या तापाचं निमित्त झालं आणि बाई गेल्या. तेरावं व्हायच्या आत मोठ्या क्लासच्या दारावर भिंतभर फ्लेक्स लागला. बाईंचा फोटो, खाली 'आमची प्रेरणा', त्याखाली क्लासचं नाव. जित्या बाई हाती लागल्या नाहीत, तर मेलेल्या उचलल्या! माझं रक्त उकळलं.

खोलीत शिकवणारी ती पोरगी दुकानात आली. रडायला आली असेल म्हणून मी पाण्याचा ग्लास पुढं केला.

"चाचा, शिडी हाय का?"

भर दुपारी, सगळ्यांदेखत पोरींनी फ्लेक्स उतरवला. शिडी मी धरली होती. मालक बाहेर आले. "अगं, हा त्यांचा मान आहे!"

"बाई तुमच्या नव्हत्या, सर," ती वरूनच म्हणाली.

क्लासचं नाव पोरींनी कात्रीनं कापून तिथंच पायरीवर ठेवलं. उरलेला फ्लेक्स बाईंच्या खोलीच्या गळणाऱ्या पत्र्यावर अंथरला. पत्र्यावर दगड ठेवायला बाईंची कायम बंदी असायची, म्हणून सुतळीनं करकचून बांधला. फोटो वरच्या अंगाला. मोठ्या क्लासच्या गच्चीवरून कुणी खाली बघितलं, की बाई सरळ त्याच्याकडं बघत असतात.