तिसऱ्या खांबाची खूण

आष्टीजवळच्या बाजारशेडच्या बांधकामावर लोखंडी खांब-तुळया जोडणारा फिटर कानामागे खडू ठेवायचा. बोल्ट पक्का आवळला की त्यावर पांढरी रेघ ओढायचा, आणि ती बघून मी यादीत खूण करायचो.

एका सकाळी मी क्रेन परत पाठवत होतो, तेवढ्यात तो आला.

“सायेब, तिसऱ्या खांबाची खूण खोडा.”

“का? रेघ तर आहे.”

“भोकं जुळंनात, म्हून काल गॅसनं जाळून मोठी केलती. बोल्ट बसलाय, पर धरायचा न्हाई. इंजिनियरला इचारा.”

“मग कालच का नाही सांगितलं?”

“तुमी लई घाईत व्हता. मीबी.”

मी क्रेन थांबवली. त्याने आपली रेघ बाहीने पुसली.

इंजिनियरच्या सांगण्यावरून मी उरलेले सगळे खांब तपासले. दुसरी एकही रेघ खोटी निघाली नाही.