बिनदोऱ्याची मशीन

माझ्या बायकोकडे दोन फोन आहेत आणि दुसरा फोन कशासाठी आहे, हे मी चारचौघांत कधी सांगत नाही. कारध्याच्या टपरीवर लोक मला त्यावरून खूप छेडतात. छेडू देत. अशी बायको त्यांच्या नशिबात नाही, त्याला मी काय करणार?

आम्ही मूळचे भंडाऱ्याचे, विणकर. घरचे माग बंद पडले तेव्हा पूल ओलांडून कारध्याला आलो आणि कुसुमने समोरच्या खोलीत शिलाईचं दुकान मांडलं. ब्लाउज तिने शिवायचे. फॉल-पिको, हूक, काज-बटण मी करायचं. माग चालवणारा माणूस बायकांच्या ब्लाउजला हूक लावतो म्हणून सुरुवातीला लोक हसले. मला राग लवकर येतो, पण कुसुम म्हणाली, "अजी, लोकाइच्या तोंडाले काय हूक लावता येते का? तुमी तुमचं काम करा." मी केलं.

दुकानाच्या कोपऱ्यात एक पडदा आहे. त्यामागे बायका ब्लाउज घालून बघतात. तिथे कोणाचा नवरा येत नाही, सासरा येत नाही. एकदा एक नवी सून पडद्यामागे जी रडायला लागली ती थांबेचना. माहेरी फोन लावला की सासरचे तो स्पीकरवर ठेवायला लावत. आईला "बरी आहे" याखेरीज काही सांगता येत नव्हतं. कुसुमने स्वतःचा फोन तिच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याला जाऊन एक साधा बटनाचा फोन आणला, उरलेल्या अस्तराची पिशवी शिवली आणि फोन तिच्यात घालून पडद्यामागच्या खिळ्याला टांगला.

नियम कुसुमने घातले. जिला बोलायचं तिने स्वतः नंबर लावायचा आणि स्वतःच पुसायचा. कोणाशी बोलली, काय बोलली, हे तिला विचारायचं नाही. माझ्याकडे एकच काम आलं. पडद्यामागे कोणी बोलायला लागलं की मी दोरा काढून पिकोची मशीन नुसती चालवायची. खडखडाटात बाहेर एक शब्द ऐकू येत नाही. गावात माझं नाव झालं, केवळराम फार मेहनती माणूस. मशीन बिनदोऱ्याची चालते हे गुपित आम्हा दोघांतच होतं, निदान मला तसं वाटत होतं.

दामिनी आमच्याच गल्लीतली सून. माहेर पवनीचं, लग्नाआधी नर्सिंग केलेलं. तिचा नवरा भुपेंद्र धानाचा व्यापार करतो. त्याने लग्नानंतर तिचा फोन काढून घेतला आणि घरच्या सुनेने नोकरी करायची नाही असं बजावलं. माहेरी गेली असताना दामिनीने नागपूरच्या एका दवाखान्यात मुलाखत दिली आणि नंबर दिला तो पडद्यामागचा. कामावर कधी यायचं ते फोन करून कळवतो म्हणाले होते. मग तिच्या एकाच ब्लाउजची ट्रायल संपेना. कधी बाही घट्ट, कधी गळा मोठा.

तिसऱ्या ट्रायलला ती पडद्यामागे वाट बघत असताना भुपेंद्र दुकानात शिरला.

"एका ब्लाउजले किती ट्रायल लागते हो? काय चालू हाय इथं?"

कुसुम कात्री ठेवून पडद्याच्या पुढे उभी राहिली. "आत बाया हाय. बाहेर थांबा."

आणि नेमका तेव्हाच आतला फोन वाजला.

भुपेंद्रचे डोळे बारीक झाले. "हा फोन कोणाचा? दामिनीचा का?"

आता मशीन चालवूनही उपयोग नव्हता. दामिनीने फोन उचलला तर तिचा आवाज ओळखला जाणार आणि नाही उचलला तर नोकरी हातची जाणार. कुसुमने मागे न बघता हात पडद्यात घातला, फोन घेतला आणि त्याच्यादेखत कानाला लावला.

"हो जी, बोलून राहिली. सोमवारी? अकराले? येते जी. एकटीच येते."

तिने फोन बंद करून पदराखाली धरला. पलीकडचा बाप्याचा आवाज भुपेंद्रलाही ऐकू आला होता.

"कोण होता?"

"माझ्या वळखीचा माणूस होता. तुमाले काय कराचं?"

"नवऱ्यापासून चोरून दुसरा फोन ठेवते? केवळराम, आयकलं का?"

दारात तोवर चार-पाच जण गोळा झाले होते. सगळे माझ्याकडे बघत होते. कुसुमही बघत होती. खरं सांगतो, भुपेंद्रची मान धरून त्याला बाहेर काढावं असं वाटलं. पण तसं केलं असतं तर आत दामिनी अडकली असती.

मी म्हणालो, "चोरून कायले? मीच त आणून देला तिले. कुसुम, सोमवारी डबा घेऊन जाजो. नागपुरात उपाशी नोको राहू."

भुपेंद्र थुंकला. "असल्या बाईकडं माही बायको आजपासून येणार नाही." दामिनी ब्लाउज हातावर टाकून बाहेर आली आणि मान खाली घालून त्याच्यामागे गेली. आतून तिने अक्षर न् अक्षर ऐकलं होतं.

सोमवारी ती देवळात जाते म्हणून निघाली. कुसुमने निरोप धाडला होता, त्यामुळे भंडाऱ्याच्या स्टँडवर तिचे वडील उभेच होते. आज ती नागपूरच्या त्या दवाखान्यात नर्स आहे, तिथल्याच होस्टेलात राहते आणि अधूनमधून आमच्या त्या फोनवर फोन करते. तेवढा एकच नंबर त्यात पुसलेला नाही.

दामिनी कुठे आहे हे आम्ही कोणाला सांगितलं नाही, त्यामुळे तो फोन लोकांना कुसुमचाच वाटत राहिला. आमचं गिऱ्हाईक मात्र तुटलं. कुसुमची बदनामी गावभर झाली, आणि टपरीवर दर सोमवारी कोणीतरी विचारायचं, "काय केवळराम, वहिनी गेल्या का डबा घेऊन?" मी चहा अर्धवट टाकून घरी यायचो. कुसुम शांतपणे ब्लाउज शिवत बसलेली असायची. एका बाईची नोकरी वाचवायला भर गल्लीत स्वतःच्या नावाला काळं लावून घेणारी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि ती माझ्या घरात आहे. मला तिचा अभिमान वाटतो.

परवा दुपारी दुकानात भुपेंद्रची आई आली. सत्यभामाबाई. लुगडं नेसणारी म्हातारी, आयुष्यभर स्वतःच्या हाताने शिवलेल्या चोळ्या घातलेली. आमची पायरी तिने कधी चढली नव्हती. तिच्या हातात एक जुनी चोळी होती.

"थोडी ढिली होऊन राहिली," ती म्हणाली. चोळी चांगली होती. कुसुमने काही न विचारता टेप गळ्यात घातला. "या काकू, माप घेऊ."

म्हातारी पडद्यापर्यंत गेली आणि थांबली. "मले माप नाही देयाचं, कुसुम. मले माह्या सुनेशी बोलाचं हाय. पोरगी जेवली का नाही, एवढंच इचारते."

कुसुमने पडदा सरकवला आणि खिळ्यावरची पिशवी दाखवली. म्हातारी आत गेली. मग तिने पडद्यातून डोकं बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं.

"केवळराम, मशीन चालू कर," ती म्हणाली, "अन् दोरा काढाले भुलू नोको."

मी कुसुमकडे बघितलं, दोरा काढला आणि पायडल हाणायला लागलो.