साळूबाईनं न उचललेला उतारा

साळूबाईनं सुभेदारांच्या गाडीवर करणी केली, अशी आख्ख्या आष्ट्यात बोंब आहे. गिरणीत म्हणतात, तिनं पुढच्या चाकाला केस बांधले. सलूनमधली बातमी अशी, की तिनं बॉनेटवर नुसता हात फिरवला आणि नवीकोरी गाडी जागीच थिजली. परवा स्टँडवर एकजण दुसऱ्याला सांगत होता, "आरं, म्हातारी नुसती बघती. तिनं बघितलं की टायर बसतोय गड्या!"

सगळं खोटं. साळूबाईनं काहीही केलं नाही. अगदी काहीसुद्धा केलं नाही, आणि तेवढ्यावरच सुभेदारांचा घाम काढला.

साळूबाई मूळची आटपाडीकडची. लहानपणी बापाच्या मेंढरांमागं चालत या ऊसपट्ट्यात यायची. पुढं मेंढरं गेली, नवरा गेला, ती इथंच राहिली आणि गावच्या झाडकामाला लागली. मेंढरं गेली तरी हाकारायची सवय काही गेली नाही. खराटा घेऊन गल्लीत शिरली की कचऱ्याशीच बोलते. "चल गं बये, चल फुडं. तू गं पिशवे, कोपऱ्यात तोंड लपवून काय बसलीस? हिर्रर्र! कुठं पळतीस, वारं भरलंय व्हय अंगात?" पिशव्या, पाला, गुटख्याच्या पुड्या, सगळा कळप एका रांगेत हाकत ती ढकलगाडीपर्यंत आणते.

हा कळप अडायचा एकाच ठिकाणी, उदयसिंह सुभेदारांच्या गाडीपाशी.

सुभेदार फौजेतून निवृत्त झाले आणि त्यांनी पांढरी, बैलाएवढ्या छातीची गाडी घेतली. पोर्च मोबाईलच्या दुकानाला भाड्यानं दिलेला, म्हणून गाडी रस्त्यात. गल्लीच्या तोंडाशी, बरोबर गटारीवर, नाक तिठ्यावर काढून. गाडी फिरायची कमी आणि कव्हर घालून झोपायचीच जास्त. तिच्या पोटाखाली लिंबाचा पाला कुजायचा, गटारीची जाळी तुंबायची आणि काळं पाणी गल्लीभर पसरायचं. खराटा आत जेवढा जाईल तेवढा साळूबाई घालायची, पण बैलाच्या पोटाखाली किती वाकणार?

एकदा तिनं सरळ सांगून बघितलं. "आवं सुभेदार, जरा घटकाभर गाडी फुडं घ्या की. खालचं काढती."

सुभेदार ओट्यावर छाती काढून उभे. "बाई, ही गाडी हायवेसाठी हाय, तुझ्या खराट्यासाठी न्हाई. ऑर्डर कुणी दिली तुला? आजूबाजूनं मार आणि निघ. फिनिश!"

एवढ्यावर थांबले असते तरी साळूबाईनं पोटात घातलं असतं. पण सुभेदारांनी गुडघ्यावर बसून स्वतःच्याच गाडीखालचा फोटो काढला, तोही असा की टायर दिसू नये, आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'बघा आपल्या भागाची स्वच्छता! सफाई कामगार फुकटचा पगार खातात. जय हिंद.' त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला.

दुसऱ्या दिवशी मुकादम भाऊसो मोटरसायकलवरनं आला. माणूस वाईट नाही, पण वरच्यांपुढं त्याचा आवाज सर्दी झाल्यासारखा होतो. "साळूबाई, सोमवारी सायब फिरायला येणार हायत. त्या फोटोतली जागा चकाचक दिसली तर बरं. न्हाईतर तुमाला डेपोवर टाकत्यात."

"गाडी काय डोक्यावर घेऊन झाडू?"

"ते मला काय ठावं? मी नुसता सांगाय आलोय."

डेपो म्हणजे गावाबाहेरचा कचऱ्याचा डोंगर, बारा महिने धुमसणारा. तिथं गेलेली बाई खोकतच घरी येते, आणि साळूबाईला आधीच दम्याची धाप. त्या धुरात आपण दिवाळी काही बघत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी ती कचऱ्याशी एक शब्द बोलली नाही. सुभेदारांच्या दारावरनं जाताना मात्र खराटा असा आपटला, की आतलं मांजर पळालं.

आणि सोमवारच्या आदल्या दिवशी अमावस्या आली.

आमच्या गल्लीत अमावस्येला दिवेलागणीला घराघरांतनं उतारा निघतो. दहीभात, त्यावर गुलाल, कापलेलं लिंबू. माणसावरनं, म्हशीवरनं, नाहीतर गाडीवरनं ओवाळायचा, तिठ्यावर ठेवायचा आणि मागं वळून न बघता घरी यायचं. सकाळी तिठा साफ असतो. उतारा जातो कुठं, हे कुणी विचारत नाही. गाव उठायच्या आत साळूबाई उचलते. दुसरं कुणी हात लावायला धजत नाही. तिला भीती नाही. "माझ्या पाठी बिरोबा हाय. दहीभातानं मरायची असती तर कवाच मेली असती."

त्या अमावस्येला सुभेदारांच्या आईनं, राहीबाईनं, गाडीवरनं जंगी उतारा काढला, कारण सोमवारी नातू जयराजसाठी रहिमतपूरला पोरगी बघायला जायचं होतं. मध्यस्थानं पोरीकडं गाडीचं इतकं कौतुक केलं होतं की पोरगा राहिला तरी चालेल, गाडी आली पाहिजे. म्हातारीनं अंधारात अंदाजानंच उतारा ठेवला आणि नेमानं मागं न बघता आत गेली. त्यामुळं तो बरोबर पुढच्या चाकासमोर ठेवलाय, हे तिला कळलंच नाही.

साळूबाईला सकाळी कळलं. तिनं उताऱ्याकडं बघितलं, चाकाकडं बघितलं, गाडीखालच्या चिखलाकडं बघितलं. मग आख्खी गल्ली झाडली, बाकीच्यांचे उतारे उचलले, आणि सुभेदारांच्या समोर, आमच्या पायरीवर, खराटा आडवा टाकून बसली. तंबाखू मळायला घेतली.

सुभेदार फेटा बांधून बाहेर आले. जयराज सेंट मारून मागं. कव्हर निघालं आणि राहीबाई किंचाळली, "थांब रं! चाकाम्होरं बघ!"

"मग? जातो वरनं."

"आपलाच उतारा तुडवतोस व्हय मुडद्या? दुप्पट उलटंल! पोराची सोयरीक हाय!"

सुभेदारांनी इकडंतिकडं बघितलं. "ए साळू! हे उचल आधी."

"उचलती की. गाडी मागं घ्या, खालचं काढती, मग उचलती."

"आधी उचल!"

"न्हाई वं. आजूबाजूनं मारायची ऑर्डर हाय. हे मधी हाय." आणि तंबाखूची चिमूट दाढेखाली गेली.

गल्ली गोळा झाली. दूधवाला सायकल धरून थांबला. जयराजनं उतारा काठीनं ढकलायचं बघितलं, तशी आजीनं काठीच हिसकावली. "नवरदेव हायस का कोण हायस तू?" सुभेदार गाडी मागं घ्यायला स्टिअरिंगवर बसले, तर म्हातारी पुन्हा आडवी. "शुभ कामाला निघताना गाडी मागं घेत्यात व्हय रं? अवलक्षण!"

"आई, मग करू काय? उडवू?"

"मागं न्हाई तर फुडं जावा," साळूबाई गोड आवाजात म्हणाली. "मला काय घाई न्हाई."

घाई सुभेदारांना होती. रहिमतपूरहून फोनवर फोन यायला लागले. "निघालोय, निघालोय, कराडच्या अलीकडं हाय," असं सुभेदार गल्लीत उभे राहून सांगत होते आणि दूधवाला हसून हसून सायकलीवर पडत होता. शेवटी म्हातारीनंच तोडगा काढला. डोळे मिटून, पदर तोंडावर घेऊन म्हणाली, "घे बाबा मागं. मी बघत न्हाई."

गाडी मागं सरकली. साळूबाई उठली.

आणि तिनं घाई केली नाही. एवढा सावकाश खराटा तिनं जन्मात चालवला नसेल. "या गं बायांनो, लय दिस सुभेदारांच्या घरी पाहुणचार खाल्लासा. चला आता. तुमी वं पुडीबाई? तुमी तर मालकाच्याच खिशातल्या दिसतासा." पाला निघाला, चिखल निघाला, मेलेली घूस निघाली. ती तिनं सुभेदारांना नीट बघता यावी म्हणून घमेल्यात सगळ्यात वर ठेवली. जाळी मोकळी झाली आणि तुंबलेलं पाणी गुडगुड करत पळालं. तेवढ्यात भाऊसो मुकादम आला, जागा बघितली, फोटो काढला आणि पहिल्यांदाच सर्दी नसलेल्या आवाजात म्हणाला, "झाक! सायबाला हेच दावतो. डेपोचं मिटलं."

"न्हाई मिटलं," साळूबाई म्हणाली. "त्यो फोटो सुभेदारांना धाडा. आणि सुभेदार, तुमी ग्रुपवर टाका. माझं नाव घालून."

"मी? कदापि न्हाई!"

"बरं." ती परत पायरीवर बसली.

फोन पुन्हा वाजला. राहीबाई पदराआडनं ओरडली, "लिही रं मेल्या, लिही!"

सुभेदारांनी लिहिलं. साळूबाईनं दूधवाल्याकडनं मोठ्यानं वाचून घेतलं. 'साळूबाई यांनी उत्तम काम केले. गाडी माझी आडवी होती.' दुसरं वाक्य तिनं सांगून घालून घेतलं होतं. "जय हिंद राहिलं," ती म्हणाली. तेही घातलं. मग तिनं उघड्या हातानं उतारा उचलला, घमेल्यात घुशीशेजारी ठेवला आणि वाट मोकळी केली.

त्या दुपारी मी तिला म्हटलं, "मावशी, संध्याकाळी गाडी परत तिथंच. सुभेदार म्हणजे फौजी अक्कड."

"न्हाई लागायची."

"पैज?"

"पैज. हरलीस तर रविवारी आख्खी गल्ली तू झाडायची."

संध्याकाळी गाडी आली, नेहमीच्या जागी थांबली, सुभेदारांनी चावीसुद्धा काढली. आणि पुढच्या सीटवरनं राहीबाईचा आवाज आला, "हितं न्हाई! ही जागा बाधलीया! ने तिकडं बाजारतळावर!" गाडी गेली. ती आजही बाजारतळावरच झोपते, आणि सुभेदार तिथनं घरापर्यंत पायी परेड करतात.

रविवारी मी खराटा घेऊन गल्लीत, आणि साळूबाई सुभेदारांच्या ओट्यावर, राहीबाईनं भीतीनं दिलेला चहा फुर्र करून पीत. "वाक, पोरी, वाक. पिशवी पळाली बघ तुझी. आगं, हाक मार की तिला, तोंड हाय का न्हाई?"