शिंदीच्या लवणातला ससा

नवा लातूर जिल्हा होऊन दोनेक वर्षं झालेली आणि वरून दुष्काळ! सगळा माळ करपला, पण गावाखालच्या लवणात, त्या ओलसर खोलगट जागेत, शिंदीची झाडं हिरवीगार. गुणाबाईचं घर चालायचं त्याच शिंदीवर. पानं कापायची, वाळवायची, केरसुण्या बांधून लातूरच्या बाजारात विकायच्या. पण सुगरणीचा खोपा लटकलेल्या झाडाला ती कोयता लावायची न्हाई. सासूनं लावलेलं वळण.

एक दिवस साखळी घेऊन मोजणीचा साहेब आला.

"मावशी, काय काय हाय इथं?"

दुष्काळात साहेब आला की 'हाय' म्हणायचं न्हाई, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत. 'हाय' म्हणलं की रोजगार हमीचं काम बंद! गुणाबाईनं ठोकून दिलं, "काय असतंय साहेब? पाखरू फिरकत न्हाई इथं. सापसुद्धा उपाशी मेला!"

साहेब खूश, गुणाबाई पण खूश.

होळी झाली आन् एका सकाळी बघती तर काय, लवणात लाल झेंड्या! कुदळी घेऊन अर्धं गाव, त्यात तिचा दीर रामकिशन.

"वैनी, जागा मोकळी हाय म्हणून साहेबानं लिवून दिलं, आता जिल्ह्याचं हापीस होणार इथं! आधी शिंदी काढायची."

गुणाबाईनं हातातला कोयता टाकला. तशीच धावत साहेबाकडं. "साहेब, मी खोटं बोलले हो! लई जीव हायेत इथं, सुगरणी हायेत, खोकड हाय, ससे हायेत..."

"वा मावशी! तवा पाखरू फिरकत नव्हतं, आन् आता एकदम जंगल उगवलं व्हय?"

सगळे खो खो हसले. तिचं डोकंच फिरलं. साहेबाची बाही धरून तिनं त्याला वढतच नेलं, एका शिंदीच्या बुडख्याजवळचं गवत बाजूला केलं. "बघा आता!"

ससा. कान पाठीला चिकटवून, नुसता थरथरत बसलेला.

"अरे, खरंच की!" साहेब म्हणला.

आन् मागून कोणतरी वरडलं, "ससाऽऽ!"

कित्येक दिवस कोरड्या भाकरीवर जगलेली माणसं ती. दगड काय, कुदळी काय! "आरं नका रं!" गुणाबाई वरडली, पण तोंडातून शब्द निघेस्तोवर सगळं संपलेलं. साहेब दुसरीकडं बघत उभा.

जरा वेळानं रामकिशन आला. हातात पळसाच्या पानात बांधलेलं कायतरी.

"घे वैनी. शिकार दावली त्याचा वाटा पैला."

चेष्टा नव्हती करत तो. रीतच होती तशी, मानानं देत होता. तिचा हात पुढं होईना, तर त्यानंच पदरात टाकलं आन् कुदळ उचलून गेला.

गरम होतं ते अजून. पदर ओला होत चालला. तिकडं पैली शिंदी कडाडून पडली, खोप्यासकट. गुणाबाईला रडूसुद्धा येईना.

घरी दोन लेकरं उपाशी होती. तिनं ते टाकून दिलं न्हाई.