पासधारक गाडीत हजर हवा

राष्ट्रीय उद्यानाच्या तिकीट खिडकीशेजारी एक पत्र्याचा फलक आहे. त्यावर पासांचे आठ प्रकार लिहिलेत: एका दिवसाचा, तीन दिवसांचा, वर्षाचा, चौघांच्या कुटुंबाचा, ज्येष्ठांचा, शाळेच्या सहलीचा, कॅमेऱ्याचा. बहुतेक माणसं पहिल्या दोन ओळी वाचतात आणि पाकीट काढतात. दादा तसला माणूस नव्हे. विम्याच्या कचेरीत वीस वर्षं काढल्यामुळे तो कुठलाही कागद खालून वर वाचतो. तर सगळ्यात खाली बारीक अक्षरांत आठवा प्रकार होता. चालता न येणाऱ्या व्यक्तीसाठी विशेष पास, वर्षभर मोफत, गाडीतल्या सगळ्यांना प्रवेश, पासधारक गाडीत हजर हवा.

ते वाचलं आणि दादाला आपल्या धाकट्या बहिणीची आठवण झाली. म्हणजे बहीण घरातच होती हो, मागच्या खोलीत, चौदा वर्षं. पण आठवण म्हणतात ती त्या दिवशी झाली.

तिला घरात सगळे आत्याच म्हणायचे. पोरं म्हणतात म्हणून मोठेही; वहिनी तेवढी वन्सं म्हणायची. सव्विसाव्या वर्षापर्यंत ती कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणाच्या टेबलावर होती. एकदा जिना चढायचा कंटाळा म्हणून मालाच्या लिफ्टमधून वर निघाली आणि लिफ्ट दोन मजले खाली आदळली. डावा पाय गेल्यात जमा, उजवा अर्धामुर्धा. नेटाने व्यायाम केला तर काठी धरून चालेल, असं डॉक्टर म्हणाले होते. घरच्यांनी महिनाभर नेट दाखवला आणि मग चाकाची खुर्ची आणून दिली. ते सोपं पडतं. तेव्हापासून आत्या खुर्चीत बसून एका शिंप्याच्या शर्टांना बटणं लावायची, घरातले फोन घ्यायची आणि आल्यागेल्याची टर उडवायची. जीभ मात्र धडधाकट होती.

पास झाला, आणि रविवारी आत्याला पहिल्यांदा उद्यानात नेलं. इतक्या वर्षांत दवाखान्यापलीकडे काही बघितलं नव्हतं तिने. काच खाली करून तिने असं काही बघून घेतलं की मान अवघडली. वाहनतळावर गाडी थांबली. तिथून पायवाट धबधब्याकडे जाते, पायऱ्या आणि दगड असल्यामुळे खुर्ची चालत नाही. "आलोच पंधरा मिनिटांत," म्हणून सगळे गेले ते दीड तासाने आले. आत्याला पाण्याचा आवाज ऐकू येत होता, पाणी काही दिसत नव्हतं, मध्ये झाडी. पोरांचे केस ओले होऊन आले होते. ती त्यांना हात लावून बघत राहिली.

त्यानंतर आत्याला भाव आला. वहिनीच्या बहिणीकडे पाहुणे आले की त्यांना आत्या हवी. दादाच्या साहेबांचे व्याही आले की त्यांना आत्या हवी. सकाळी कुणाची तरी गाडी दाराशी यायची, दादा तिला उचलून मागच्या सीटवर ठेवायचा आणि संध्याकाळी परत उचलून आणायचा. "आमच्या वन्सं म्हणजे चालताबोलता पास," वहिनी फोनवर सांगायची, "चालता नाही, नुसता बोलता." सगळ्यात आधी आत्याच हसायची. तिला वाटायचं, आपण लोकांना आवडतो. गप्पा मारतो, हसवतो, म्हणून नेतात. असं वाटून घेण्यात तिची दोन वर्षं फार चांगली गेली.

मग एकदा साहेबांबरोबर गेली असताना गेटवरच्या माणसाने विचारलं, "या बाईंचं नाव काय?" साहेब गोंधळले. मागे वळून त्यांनी बायकोकडे बघितलं, तीही गोंधळली. शेवटी त्यांनी पास डोळ्यांजवळ धरून नाव वाचून दाखवलं. सहावी खेप होती ती त्यांच्याबरोबरची. आत्या त्या दिवशी एकही विनोद बोलली नाही आणि गाडीत कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

वाहनतळावर गाडीत एकटी बसली असताना तिने तिथल्या रखवालदाराला हाक मारली. "भाऊ, इथून धबधब्याच्या कठड्यापर्यंत किती पावलं?"

"कोण मोजतंय, ताई."

पण पुढच्या खेपेला तो आपणहून खिडकीशी आला. "चारशे दहा. माझी. तुमची जास्त भरतील."

बस, तेवढ्यावर तिने ठाण मांडलं. त्या कठड्याशी आपल्या पायांनी जायचं, पाणी अंगावर घ्यायचं आणि कुणाच्याही गाडीतलं सामान होऊन बसायचं नाही. दवाखान्यातली व्यायाम करवून घेणारी बाई मंगळवारी दुपारी यायला लागली, घरात कुणी नसताना. बाकीचे दिवस आत्या एकटीच. तिची खोली सात पावलं लांब. दोन खुर्च्यांच्या पाठी धरून सुरुवात केली, मग एक खुर्ची, मग भिंत, मग काठी. पडायची. कपाळाला टेंगूळ आलं तर कपाटाचं दार लागलं म्हणून सांगायची, आणि कुणी दुसऱ्यांदा विचारायचं नाही. अकरा महिने जिवाचा आटापिटा करून ती एका दमात सहाशे पावलांवर आली. हरामखोर पाय, पण आले एकदाचे ताब्यात.

पास दरवर्षी नवा करून घ्यावा लागतो. खिडकीवरची कारकून बाई अर्ज भरून घेते, मग बाहेर गाडीपाशी येऊन पासधारकाला बघून जाते. त्या वर्षी दादा रांगेत, वहिनी पाण्याच्या बाटल्या आणायला, पोरं मोबाइलमध्ये. आत्याचा बेत खरं तर धबधब्यापाशी सगळ्यांना चकित करायचा होता. पण तिला धीर निघेना. सीटखाली चादरीत गुंडाळून ठेवलेली काठी तिने काढली, दार उघडलं आणि निघाली. बावीस पावलं.

दादा खिडकीत वाकून सांगत होता, "पाऊलसुद्धा टाकता येत नाही हो तिला. सगळं जागेवर करावं लागतं."

"दादा, बघ," मागून आत्या म्हणाली.

रांगेतल्या दोघातिघांनी तर टाळ्या वाजवल्या. कारकून बाई नवीन होती आणि मनाने चांगली होती. ती खिडकीतून हात बाहेर काढून आत्याचा हात दाबत म्हणाली, "मग हा पास कशाला हवाय तुम्हाला? तुमचं एकटीचं अर्ध्या दरात होईल. बाकीच्यांना कुटुंबाचा पास घ्या." आत्या आनंदाने रडत होती. दादाच्या चेहऱ्याकडे बघायचं तिला सुचलंच नाही. त्याने अर्ज परत घेतला, "आम्ही जरा विचार करून येतो," म्हणाला आणि गाडी घराकडे वळवली. उद्यानात कुणी गेलंच नाही.

"आधी सांगायचं तरी, वन्सं," एवढंच वहिनी बोलली.

संध्याकाळी दादा आत्याच्या खोलीत आला आणि पलंगाच्या कडेला बसला. असा तो कधी बसत नसे. आवाज अगदी मऊ ठेवला होता त्याने.

"तू चाललीस, मला आनंदच आहे. पण हिशोबाने बघ जरा. कुटुंबाचा पास चौघांचा. आम्ही चौघं झालो. पोरं आता मोठी झालीत, मागे जागा नाही. तुझा पास नसला तर साहेब कशाला येतील तुला न्यायला? मेव्हणी कशाला येईल?"

"मी एकटी जाईन."

"जा की. बस गेटपर्यंत जाते. गेटपासून धबधबा चौदा किलोमीटर." तो उठला. "चालता येणाऱ्या बाईला कुणी फिरायला नेत नाही गं. ती आपली आपण जाते."

मारहाण नाही, शिवी नाही. दोन दिवस ती जेवली नाही आणि तिसऱ्या दिवशी बरं म्हणाली. तिला बाहेर जायचं होतं, आणि बाहेर नेणारी माणसं हीच होती.

उद्यानाला उत्तरेकडे दुसरं गेट आहे, तिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं. तिथला कारकून गाडीपाशी आला, तेव्हा आत्या मांडीवर चादर घेऊन बसली होती. "पाऊलही टाकता येत नाही," ती स्वतःच्या तोंडाने म्हणाली. पास झाला. वाहनतळावर पोचल्यावर तिने हळूच विचारलं, "आज जाऊ का मी चालत? इथे कोण बघतंय?"

"कॅमेरे आहेत सगळीकडे," वहिनी म्हणाली. "एका धबधब्यापायी वर्षाचा पास घालवता का?" आणि सगळे गेले.

घरी आल्यावर दादाने व्यायामाच्या बाईला यायला नको म्हणून कळवलं. तपासणीला कधीही माणूस येतो म्हणे. काठी माळ्यावर गेली. आत्या दार लावून चालायची, तर वहिनी बाहेरून म्हणायची, "वन्सं, खाली ऐकू जातं हो." मग ती रविवारी, सगळे बाजारात गेल्यावर चालायला लागली. मग एखाद्या रविवारी. मग राहूनच गेलं.

पुढच्या वर्षी नियम बदलला. उद्यानाच्या कचेरीत डॉक्टर बसायला लागले, पासधारकाला तपासून शिक्का मारायचे. वाटेत दादाने तिला तीनतीनदा पढवलं. "पाय ढिले सोडायचे. टोचलं तरी हलायचं नाही. उभं राहायला सांगितलं तर अंग टाकून द्यायचं, कळलं?"

"कळलं," आत्या म्हणाली.

पण तिने मनाशी वेगळंच ठरवलं होतं. हा एक माणूस असा की जो तिला विचारणार होता, आणि तिच्या पायांनी जे सांगितलं तेच लिहिणार होता. एक पाऊल टाकलं तरी पुरे होतं. पास गेला तर जाऊ दे, साहेब गेले तर जाऊ देत, घरात बसून बटणं लावीन, पण हे खोटं आता नको. डॉक्टरांनी गुडघे ठोकून बघितले, तळव्याला टोचून बघितलं. ती हलली, मुद्दाम हलली. दादाने दात आवळले.

"मी धरतो, उभ्या राहा," डॉक्टर म्हणाले.

आत्याने खुर्चीच्या हातांवर जोर दिला. होतं नव्हतं तेवढं सगळं बळ तिने त्या पायांत उतरवलं. मान ताठ झाली, डोळ्यांत पाणी आलं, ओठ चावला गेला. बूड चार बोटं वर उचललं आणि गुडघे मागच्या मागे मुडपले. डॉक्टरांनी धरलं म्हणून डोकं फुटलं नाही. "एकदा परत," ती म्हणाली. डॉक्टरांनी परत धरलं. परत तेच झालं.

"पुरे आता, ताई, उगाच त्रास करून घेऊ नका," ते म्हणाले आणि त्यांनी शिक्का मारला.

दादाने तिला उचलून मागच्या सीटवर ठेवलं, चादर नीट केली, गाडी सुरू केली. फाटक उघडलं तसा तो खुशीत येऊन मागे वळला.

"काय बेमालूम केलंस गं. मलासुद्धा खरं वाटलं."